विंचू चढतो, विंचू उतरतो

वेदनेच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. डोके ठणकते, दाढ सणकते, पोटात कळ येते, गळू ठसठसते, भाजलेले चुरचुरते, मीठ लागले की जखम झोंबते आणि फार वेळ मांडी घालून बसले की पायाला मुंग्या येतात. प्रत्येक दुखण्याची चाल वेगळी, म्हणून त्याला शब्दही वेगळा. विंचवासाठी मात्र आपण आणखी एक जोडी राखून ठेवली आहे. विंचू चढतो आणि विंचू उतरतो. नांगी लागते बोटाला, पण कळ मनगट, कोपर असे करत काखेपर्यंत जाते. मग कोणी मंत्र घालतो, कोणी आघाड्याची मुळी फिरवतो आणि रात्र सरता सरता विंचू उतरतो. उपायालाही आपण 'उतारा' असेच म्हणतो.

चढते ते काय आणि उतरते ते काय? याचे उत्तर शोधायला गेलो, तेव्हा ते विंचवापेक्षा आपल्याच शरीरात अधिक सापडले. आपल्या प्रत्येक चेतापेशीत जन्मभर असाच एक चढ आणि असाच एक उतार चालू असतो. चढाकडे आपले लक्ष जाते. उताराची किंमत काय, ते विंचू शिकवतो.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो, भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहिल्या आणि जमेल तशी कविता केली. पण मोशीत राहायला आलो आणि विंचू पुन्हा शेजारी आला. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज इथे बारा-बारा मजली इमारती आहेत, पण दगडखाणीही आहेत, बांधकामाच्या विटांचे थर आहेत, सेंट्रिंगच्या फळ्यांचे ढीग आहेत. विंचवाला याहून चांगली जागा कोणती? आणि त्याच ढिगांच्या आसपास पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची पोरे जमिनीवर निजतात. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. ही उपमा अर्धीच खरी आहे. तारेत वीज या टोकाकडून त्या टोकाकडे वाहते. मज्जातंतूत जागच्या जागी बारीक दारे उघडतात आणि मिटतात. एका ठिकाणची उघडली की त्यांच्यामुळे शेजारची उघडतात. रांगेतल्या माणसांनी जागा न सोडता बातमी कानोकानी पुढे द्यावी, तसा हा प्रकार.

हे समजायला आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी उपयोगी पडते. खालच्या हौदातून पंप पाणी वर चढवतो. नंतर दिवसभर कोणीही नळ उघडला की पाणी येते. त्या क्षणी पंप चालू असावा लागत नाही. चेतापेशीच्या आवरणातही असाच पंप असतो. दर खेपेला तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. सोडियम आपल्या मिठातले, पोटॅशियम केळ्यातले किंवा शहाळ्यातले. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली हा पंप शोधून काढला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ साली, त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

या पंपामुळे पेशीच्या बाहेर सोडियमची गर्दी आणि आत पोटॅशियमची गर्दी कायम राहते. आतले पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत असते, म्हणून आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. रेडिओत घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. त्याच्या जेमतेम विसाव्या भागाएवढा हा दाब. पण पेशीचे आवरण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ आहे, त्या मानाने हा दाब प्रचंड आहे. टाकी भरलेली आहे, नळ बंद आहेत. पेशी विसावलेली आहे असे आपण म्हणतो, ती ही अवस्था. हा विसावाही फुकटचा नाही. आपल्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, पण शरीर स्वस्थ असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्यातली वीस टक्क्यांच्या आसपास एकटा मेंदू घेतो, आणि त्यातला मोठा भाग हे पंप चालवण्यात जातो.

आता काटा टोचला. त्या जागची सोडियमची दारे उघडली. बाहेर ताटकळलेले सोडियम आत घुसले आणि उणे ७० वर असलेली आतली बाजू मिलिसेकंदाच्याही आत अधिक ३० ते ४० पर्यंत चढली. हा झाला चढ. तो असाच राहिला तर पेशी निकामी होईल. म्हणून त्याच वेळी दोन गोष्टी घडतात. सोडियमच्या दाराला आतून बुचासारखा एक भाग लोंबकळत असतो, तो दारात जाऊन बसतो आणि वाट बंद करतो. आणि पोटॅशियमची दारे, जी थोडी सावकाश उघडतात, ती आता उघडतात. पोटॅशियम बाहेर जाते आणि आतली बाजू पुन्हा ऋण होते. हा झाला उतार. एक-दोन मिलिसेकंदांत सगळा कारभार आटोपतो. पेशी पूर्वपदावर आल्याशिवाय ते बूच निघत नाही, आणि बूच निघेपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणत्याही हाकेला ओ देत नाही.

या सक्तीच्या विश्रांतीवर फार काही अवलंबून आहे. संदेश पुढेच जातो, आल्या वाटेने परत फिरत नाही, कारण मागची दारे अजून बुचाखाली असतात. प्रत्येक झटका सुटा राहतो, एकात एक मिसळत नाही. आणि गंमत अशी की सगळे झटके सारख्याच उंचीचे असतात. मोठ्या दुखण्याचा झटका मोठा नसतो. झटके दाटीने येतात, आणि त्या दाटीवरून मेंदू दुखण्याचा जोर ओळखतो. आम्हा कवींना हे पटायला जड जात नाही. ओळीत यती नसेल तर नुसती अक्षरांची गर्दी उरते.

हे सारे कळले कसे? समुद्रातल्या माकुल नावाच्या प्राण्यामुळे. कोकणात ती खातात; इंग्रजीत तिला स्क्विड म्हणतात. संकटात झटकन पळता यावे म्हणून तिच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो, की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ले या दोघांनी १९३९ साली इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातल्या प्रयोगशाळेत त्या तंतूत बारीक तार घालून आतला चढउतार मोजला. लगेच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्धानंतर ते पुन्हा बसले. हक्स्ले यांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली आणि १९५२ साली दोघांनी चढउताराचे पूर्ण गणित मांडले. १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले. ज्या दारांबद्दल ते लिहीत होते, ती त्यांना दिसलेली नव्हती. एकेका दारातून जाणारा प्रवाह प्रत्यक्ष मोजता आला तो पुढे १९७६ साली, जर्मनीतल्या एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांना.

आता विंचवाकडे येऊ. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या श्रोत्यांना मी पॉवर प्रेसचे उदाहरण देईन. फ्लायव्हील सारखे फिरत असते. पेडल दाबले की क्लच लागतो, रॅम खाली येतो, पत्रा कापतो, वर जातो आणि थांबतो. तो वर थांबला की मगच कामगार डायमध्ये हात घालून माल काढतो. क्लच सुटला नाही, तर रॅम पेडलशिवाय पुन्हा खाली येतो. प्रेस शॉपमध्ये भीती असते ती या न मागितलेल्या दुसऱ्या ठोक्याची. कित्येकांची बोटे त्यानेच गेली आहेत.

लाल विंचवाचे विष नेमके हेच करते. आपल्या कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात आढळणारा हा विंचू बोटभर लांबीचा, तांबूस. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो बहुधा हा लहानखुरा तांबडा. त्याच्या विषातले काही घटक सोडियमच्या दारापाशी जाऊन बसतात आणि बूच वेळेवर लागू देत नाहीत. दार उघडेच राहते, पेशी उतरत नाही, एका टोचण्याचे असंख्य झटके होतात. त्याच विषात आणखी एक पदार्थ १९९० साली शास्त्रज्ञांना मिळाला. सदतीस अमिनो आम्लांची ती छोटीशी साखळी. तिचे नाव आयबेरिओटॉक्सिन. ती पोटॅशियमच्या एका जातीच्या दारांत अडकते आणि ती दारे बंद करते. म्हणजे चढाची वाट उघडी आणि उताराची एक वाट बंद. पेशी कशी उतरते हे शोधण्यासाठी आज जगभरच्या प्रयोगशाळा या आपल्या विंचवाच्या विषातला पदार्थ वापरतात. माणसाला जे गणिताने कळले, ते या कीटकासारख्या दिसणाऱ्या जिवाला कोट्यवधी वर्षांपूर्वी साधले होते.

बोटातल्या मज्जातंतूत हे घडले तर ठणका लागतो. पण हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंत ते घडले तर वादळ उठते. त्या तंतूंच्या टोकांतून आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून उत्तेजक रसायनांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदयावर सोसवणार नाही एवढा भार येतो आणि अखेर फुप्फुसात पाणी भरते. वरून मात्र दिसते ते एवढेच: दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय.

१९७९ सालच्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या चुलत भावाला विंचू लागला. तो सहा वर्षांचा होता, मी नऊ-दहाचा. गावात विंचू उतरवणारे दोघे होते. एक मारुतीच्या देवळापाशी राहायचे, दुसरे दर्ग्यापाशी. कोणाकडे कोणी जायचे याला धर्माचा नियम नव्हता. जे घरी सापडतील त्यांच्याकडे लोक जायचे. ठणका जातधर्म विचारीत नाही. त्या रात्री दोघेही आले. पोर आधी किंचाळत होते. मग त्याला घाम सुटला, त्याने उलटी केली, हातपाय थंड झाले आणि रडणे थांबले. चाची म्हणाल्या, "अल्लाह का शुकर, उतर्‍या." अंगणातल्या सगळ्यांना तसेच वाटले. पहाटे तो गेला.

मांत्रिकांना मी दोष देत नाही. त्या काळी त्याला मोठ्या दवाखान्यात नेले असते, तरी डॉक्टरांच्या हाती खात्रीचा इलाज नव्हता. आणि मंत्राचा अनुभव लोकांना येत होता, हेही खरे आहे. बहुतेक दंशांत जीव जाण्याइतके विष अंगात जातच नाही. दारापाशी बसलेले विष काही तासांनी सुटते, शरीर त्याचा निचरा करते, बुचे पुन्हा आपले काम करू लागतात आणि ठणका ओसरतो. पहाटेपर्यंत मंत्र म्हणत राहिले की पहाटे विंचू उतरतोच. यश मंत्राच्या नावावर जमा होते. जे पोर जाते, त्याचे नशीब म्हणतात.

आमच्या अंगणात हे घडत होते, त्याच काळात कोकणात एक तरुण डॉक्टर विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करीत होते. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लहान मुले विंचू लागून येत आणि डोळ्यांदेखत जात. पुस्तकात उपाय नव्हता. डॉक्टरांनी रात्र रात्र जागून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तपशीलवार नोंद ठेवली. उलटी, दरदरून घाम, थंड हातपाय आणि मुलग्यांमध्ये जननेंद्रियाला आलेला ताठरपणा ही येऊ घातलेल्या संकटाची चिन्हे आहेत, असे त्यांनी मांडले. आमच्या अंगणात जे उतरणे समजले गेले, ते खरे तर चढणे होते. त्यांचा हा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना दंशाच्या जागी असह्य ठणका असतो, त्यांच्यात हृदयाचा धोका बहुधा कमी असतो, हेही त्यांनी पाहिले. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, हा त्याचा अर्थ.

मग उपाय. दारांशी बसलेले विष काढणे हाती नव्हते, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे शक्य होते. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी नेमके तेच करते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती विंचवाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९८६ साली तो अनुभवही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम भारतात १९६१ ते १९८३ या काळात गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले पंचवीस ते तीस दगावत होते. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांनी नोंदवले आहे. पुढे लाल विंचवाचे प्रतिविषही मिळू लागले. २०११ साली बावस्कर दांपत्याने महाडच्या सत्तर रुग्णांची पाहणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दिली. नुसत्या प्राझोसिनवर पस्तीसपैकी आठ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. प्रतिविष जोडीला दिले तेव्हा पस्तीसपैकी बत्तीस. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी जरूर वाचावे.

प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तात तयार झालेला उतारा. घोड्याला विषाचे अगदी थोडे, सोसतील असे डोस देत जातात. त्याचे रक्त विषाला धरणारे रेणू तयार करते, आणि ते आपल्या कामी येतात. हाफकिनच्या पिंपरीतल्या केंद्रात सर्पदंशावरच्या लशीसाठी असे घोडे सांभाळले जातात. मोशीहून ते केंद्र काही कोसांवर आहे. त्या रस्त्याने जाताना मला त्या मुक्या जनावरांची आठवण होते.

आता कामाचे बोलतो. विंचू लागला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, मंत्रासाठी रात्र घालवू नका. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी रिक्षात बसून दुवा मागावी, नाव घ्यावे. पण रिक्षा दवाखान्याकडे जात असावी. दुखण्यासाठी डॉक्टर दंशाजवळ सुई देतात, तिच्यातले औषध सोडियमची दारे तात्पुरती बंद करते. दाढ काढताना देतात, तेच हे. प्राझोसिन घरच्या घरी द्यायची गोष्ट नाही, रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. लहान मूल असेल तर डॉक्टर सांगतील तितका वेळ दवाखान्यातच थांबा. आणि विंचू लागूच नये म्हणून बूट झटकून घाला, विटा-दगडांच्या ढिगात उघडा हात घालू नका, पोरांना जमिनीऐवजी खाटेवर निजवा. बांधकामांवरच्या मुकादमांनी आणि ठेकेदारांनी एवढे मनावर घेतले तरी पुष्कळ होईल.

एकनाथांनी काम-क्रोधाला विंचू म्हटले आणि त्यावर औषध सांगितले ते सत्त्वगुणाचे. नाथांना शरीरशास्त्र सांगायचे नव्हते, पण चढलेले उतरले पाहिजे ही गोष्ट त्यांनी नेमकी धरली होती. आपल्या अंगातली प्रत्येक चेतापेशी ही गोष्ट पाळते. क्षणभर चढते, लगेच उतरते, आणि उतरलेली असते म्हणूनच पुढच्या हाकेला ओ देते.

फक्त उतरणे खरे की खोटे, हे ओळखायला शिकले पाहिजे. विंचू लागलेले पोर रडायचे थांबले तर त्याच्या तळहाताला, तळपायाला हात लावून पाहा. ते उबदार आणि कोरडे असतील तर धीर धरा. गार आणि ओले असतील तर विंचू उतरलेला नाही, तो चढतो आहे. उशीर करू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)